लाकडी घरांचं म्युझियम बघायला जाताय? मग थोडीच घरं बघा, पण नीट बघा

जुनी लाकडी घरं मूळ गावातून सुटी करून आणायची आणि एका मोठ्या मोकळ्या आवारात परत उभी करायची, अशी ओपन एअर म्युझियम्स युरोपात भरपूर आहेत, जपानमध्येही आहेत. स्टॉकहोमचं स्कान्सेन सगळ्यात नावाजलेलं, आर्टुर हासेलियस यांनी १८९१ मध्ये सुरू केलं, आणि ते नाव इतकं रुळलं की पोलिश आणि चेक भाषेत अशा कुठल्याही म्युझियमला स्कान्सेनच म्हणतात. ऑस्लोला नॉर्स्क फोल्केम्युझियम, हेलसिंकीला सेउरासारी, टोकियोच्या शेजारी कावासाकीत निहोन मिंकाएन, यातलं कुठलंही बघायचा योग आला तर सोडू नका.

पण एक मनापासून सांगते, सगळी घरं बघायचा हट्ट धरू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नकाशा हातात घेऊन पहिल्या नंबरपासून सुरुवात केली, तीन तासांत जवळजवळ सगळी घरं संपवली आणि रात्री फोटो बघताना कुठलं घर कुठलं तेच आठवेना, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून पाच-सहा घरं निवडते आणि प्रत्येकाला निदान अर्धा तास देते.

निवडायची कशी? आधी वेबसाइटवर बघा की त्या दिवशी कुठली घरं आतून उघडी आहेत, कारण आवार उघडं म्हणजे घरं उघडी असं नसतं. सेउरासारीची घरं तर फक्त उन्हाळ्याच्या महिन्यांतच आतून बघता येतात. मग वेगवेगळ्या प्रकारची घ्या, एक श्रीमंत शेतकऱ्याचं, एक धान्याचं कोठार, एखादं चर्च, आणि एक गरिबाचं घर नक्की घ्या. लोक नेमकं तेच टाळतात कारण बाहेरून साधं दिसतं. स्कान्सेनमध्ये शेतमजुरांची स्टाटारलेंगान नावाची लांबलचक चाळवजा इमारत आहे, तिथे राहणाऱ्यांना मजुरीचा मोठा भाग धान्य-दुधाच्या रूपात मिळायचा आणि ती पद्धत स्वीडनमध्ये १९४५ मध्ये बंद झाली. म्हणजे किती अलीकडची गोष्ट आहे बघा. नक्षीदार खांबांच्या घरानंतर लगेच तिथे गेलात तर एका खोलीत किती माणसं राहत असतील हा विचार डोक्यातून जात नाही.

शूज चालायला चांगले हवेत, खडीचे रस्ते आणि चढ असतात, आणि जपानमध्ये घरात जाताना काढावे लागतात म्हणून पटकन निघणारे बरे. पाऊस असेल तर प्लॅन रद्द करू नका, ओल्या लाकडाचा वास आणि छपरावरून गळणारं पाणी हा सुद्धा त्या घराचाच भाग आहे.

घरापाशी पोचलात की आत घुसायच्या आधी पाटी वाचा. तीन गोष्टी शोधा, घर मूळचं कुठलं, कधी बांधलं, इथे कधी आणलं. ही तिसरी तारीख फार महत्त्वाची, कारण हलवताना घर बदलतं. ऑस्लोच्या म्युझियममधलं, गोल नावाच्या गावातून आणलेलं स्टाव चर्च (म्हणजे उभ्या लाकडी खांबांच्या सांगाड्यावरचं चर्च) साधारण १२०० सालच्या आसपासचं, गावाला नवं चर्च हवं होतं म्हणून जुनं पाडायचं ठरलं होतं, ते १८८० च्या दशकात राजा ऑस्कर दुसरा याच्या मदतीने ऑस्लोला आणलं गेलं. पण आतला मुख्य सांगाडा जुना असला तरी बाहेरून जे दिसतं त्यातलं बरंच तेव्हा नव्याने केलेलं आहे, बोर्गुंड इथल्या तशाच जुन्या स्टाव चर्चवरून नमुना घेऊन. हे माहीत असलं की चर्च कमी सुंदर वाटत नाही, उलट आपण नक्की काय बघतोय ते कळतं.

मग घराच्या कोपऱ्यापाशी जा, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ओंडक्यांची घरं हलवता येतात याचं कारण इथेच आहे, ओंडके खिळ्यांनी ठोकलेले नसतात, खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक ओंडक्याला नंबर देऊन घर सुटं करता येतं आणि त्याच क्रमाने परत रचता येतं. कोरलेल्या खुणा किंवा नंबर कुठे दिसतात का शोधा. कुऱ्हाडीचे घाव बघा. दोन ओंडक्यांच्या फटीत वारा अडवायला भरलेलं शेवाळ दिसेल. एखादा ओंडका बाकीच्यांपेक्षा फिका आणि गुळगुळीत असेल तर तो बहुतेक नंतर बदललेला, आणि तो बऱ्याचदा खालच्या थरातला असतो कारण जमिनीची ओल तिथे आधी लागते आणि तिथूनच लाकूड कुजायला लागतं.

वर बघा. नॉर्वेच्या घरांवर गवत उगवलेलं असतं, ते नुसतं शोभेला नाही हां, खाली बर्च झाडाच्या सालीचे थर असतात ते पाणी अडवतात, वरची माती साल दाबून धरते, आणि त्या सगळ्या वजनाने भिंतीचे ओंडके एकमेकांवर घट्ट बसतात. कोठार खांबांवर उचललेलं दिसलं तर ते उंदीर आणि ओल दोन्हीपासून धान्य वाचवायला.

आत जाताना वाकावं लागेल, दार बुटकं आणि उंबरा उंच, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. आत गेल्यावर लगेच मोबाईलचा टॉर्च लावू नका, दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की भिंतीवरची काजळी दिसायला लागते, धूर जायला छपरात ठेवलेलं भोक दिसतं, भिंतीला लागून केलेले बाक दिसतात. त्या घरात माणसं याच उजेडात राहिली, टॉर्च लावला की हेच निसटतं. निहोन मिंकाएनमध्ये स्वयंसेवक घराच्या मधोमध असलेल्या चुलीत अजून विस्तव पेटवतात, तो धूर गवती छप्पर कोरडं ठेवतो आणि किडे दूर ठेवतो, रिकामं घर बिनधुराचं ठेवलं तर छप्पर लवकर खराब होतं. तिथे बसायला मिळालं तर बसाच.

जुन्या वेषातली माणसं काम करत असतील तर त्यांना इतिहास विचारण्यापेक्षा साधे प्रश्न विचारा, सकाळी आधी कोण उठायचं, पाणी कुठून आणायचे, थंडीत जनावरं कुठे असायची, म्हातारी माणसं कुठे झोपायची. अशा प्रश्नांना ती माणसं खुलून बोलतात. आणि कृपा करून भिंतींना टेकू नका, पलंगावर बसू नका, सिगरेटचा तर विषयच नको, शेकडो वर्षांचं कोरडं लाकूड आहे ते.

एक गोष्ट मात्र मनाने भरून घ्यावी लागते, ती म्हणजे मूळ जागा. उत्तरेतल्या डोंगरावरचं घर आणि दक्षिणेच्या सपाटीवरचं घर इथे शेजारी शेजारी असतात, दोन मिनिटांत शेकडो किलोमीटर पार होतात. म्हणून मी मूळ गाव मॅपवर शोधून बघते, नदी कुठे होती, घरामागे डोंगर होता का, मग दार त्या बाजूला का आहे याचा थोडा अंदाज येतो.

आणि सगळ्यात आवडीचं वाटेल ते घर शेवटी ठेवू नका, आवार बंद व्हायच्या बरंच आधी घरांच्या दारांना कुलपं लागायला सुरुवात होते.