पहिलं सत्र, आशियाई स्पर्धा आणि काशाची वाटी

माझी शाळा नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलकडच्या अंगाला. जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, यंदाचा पट २६. मैदान आहे, पण जून ते सप्टेंबर त्यावर म्हशी आणि बेडूक यांचाच ताबा. हे आधीच सांगून टाकते, कारण खेळाभोवती सत्र आखायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिट्टी आणि फक्कीच्या रेषा येतात. आमच्याकडे तो खेळ तीन महिने व्हरांड्यात आणि वहीतच चालतो.

सुरुवात स्पर्धा निवडण्यापासून. एकच निवडा. २०२६ मध्ये तीन मोठ्या स्पर्धा पहिल्या सत्रात येतात आणि तिन्हींचा मोह होतो. फुटबॉलचा विश्वचषक ११ जून ते १९ जुलै. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे रात्री-अपरात्री. पहिलीची पोरं रडायची थांबेपर्यंत तो संपलेला असतो. राष्ट्रकुल स्पर्धा २३ जुलैपासून ग्लासगोला, पण यंदा तिथे दहाच खेळ. कुस्ती नाही, हॉकी नाही. शिवाय तेव्हा आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात असते, निम्मा वर्ग खाचरात. उरली आशियाई स्पर्धा: १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, जपानमध्ये आयची-नागोया इथे. कबड्डी आहे, आवणी उरकलेली आहे, आणि अधिक महिन्यामुळे सण पुढे गेल्याने दिवाळीची सुट्टीही लांब आहे. मी हीच घेतली.

आता कॅलेंडर उलटं वाचायचं. ४ ऑक्टोबरला स्पर्धा संपते, त्यानंतरचा आठवडा आपल्या वर्गाच्या स्पर्धेला. त्याआधीचे दोन आठवडे रोज परिपाठात निकाल. त्याच्याही आधी, पोळा-गणपतीच्या गडबडीत, फक्त नकाशा आणि झेंडे. जून-जुलैत स्पर्धेचं नावही काढत नाही मी; तेव्हा वाचन आणि संख्याज्ञानाची घडी बसवायची असते. टाचणवहीत हे चार तुकडे लिहिले की नियोजन झालं. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक घटकात खेळ कोंबू नका. मी एकदा ‘पाण्याचे स्रोत’ शिकवताना जलतरण घुसवलं, तेव्हा एक चौथीतली म्हणाली, "बाई, आज विहिरीचंच सांगा ना."

झेंड्यांसाठी जपान सोयीचा. झेंड्याची उंची आणि लांबी २:३, आपल्या तिरंग्यासारखीच. मधल्या लाल गोळ्याचा व्यास उंचीच्या तीन पंचमांश. कागद २० बाय ३० सेंटिमीटर घेतला तर गोळा १२ सेंटिमीटरचा. कंपास देऊ नका. पट्टी घेऊन मुलांना पोषण आहाराच्या भांड्यांमध्ये सोडा आणि १२ सेंटिमीटर तोंडाचं भांडं शोधायला सांगा. आमच्याकडे वाटी भरली ९, ताटली २४. शेवटी मावशींच्या मिठाच्या डब्याचं झाकण बरोबर निघालं. व्यास म्हणजे काय हे मला फळ्यावर सांगावं लागलं नाही.

घड्याळं दोन लावा, पुठ्ठ्याची चालतील. नागोया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. साडेदहाला आपला परिपाठ सुरू होतो तेव्हा तिथे दुपारचे दोन. आपण दीडला खिचडीला बसतो तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच. रोज एका मुलाने दुसऱ्या घड्याळाचे काटे लावायचे.

देशांच्या चिठ्ठ्या मात्र काढू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मी प्रत्येकाला एकेक देश दिला होता. पाकिस्तानची चिठ्ठी निघाली त्या पोराला आधीच चिडवत होते. त्यात भालाफेकीत अर्शद नदीमने ९२.९७ मीटर टाकून सुवर्ण नेलं आणि आपल्या नीरज चोप्राला ८९.४५ वर रौप्य मिळालं. सकाळी पोरगा शाळेतच येईना. मी त्याला घरून आणलं, त्याच्याच हातून वजाबाकी करून घेतली आणि निघालेले ३.५२ मीटर व्हरांड्यात खडूने आखले. सगळी मुलं त्या रेषेवर उड्या मारून बघत बसली आणि विषय तिथेच मिटला. तरी चूक माझीच होती. आता मी गट करते आणि गटाला आशियाचा एकेक भाग देते, चार-पाच देश मिळून.

पदकतक्त्याला चांगला आठवडा द्या, गणिताचं खरं लोणी तिथे आहे. चालू स्पर्धेचे आकडे रोज बदलतात, म्हणून आधी मागच्या, हांगझोऊच्या तक्त्यावर हात बसवून घ्या. भारत: २८ सुवर्ण, ३८ रौप्य, ४१ कांस्य, एकूण १०७. दिल्लीला १९५१ मध्ये झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपली पदकं ५१ होती, फरक काढा. मग जपान आणि दक्षिण कोरिया शेजारी लिहा. जपान ५२, ६७, ६९, एकूण १८८. कोरिया ४२, ५९, ८९, एकूण १९०. तरी दुसरा नंबर जपानचा. माझ्या वर्गात यावर भांडण जुंपलं. "जास्त ज्याची, तो पुढे" म्हणणारे एका बाजूला, "सोनं ते सोनं" म्हणणारे दुसरीकडे. मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली: सुवर्णाला ३ गुण, रौप्याला २, कांस्याला १. हिशेब झाला जपान ३५९, कोरिया ३३३, भारत २०१. गुणाकाराचा एवढा सराव एका दुपारी स्वाध्यायपुस्तिकेने कधी करून घेतला नव्हता.

‘कांस्य’ शब्दाला मुलं अडखळतात. म्हणून एकीने आजीची काशाची वाटी आणली, तळपायाला तेल चोळायची. तांबं आणि कथील मिळून कासं होतं, तेच हे कांस्य. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. नाशिकच्या तांबट आळीत भांडी ठोकताना बघितलेली दोन मुलं होती, त्यांनी पुढची तासिका घेतली.

मोजमापाची दोरी सुतळीची घेऊ नका. २०२३ मध्ये नीरजने हांगझोऊला ८८.८८ मीटर भाला फेकला, तेवढी सुतळी आम्ही मापून कापली. शाळेच्या फाटकापासून ती थेट मारुतीच्या पारापर्यंत गेली. परतीच्या पावसात ती भिजली, आखडली आणि पारापर्यंत पोचेना. ‘नीरज मागे आला’ म्हणून पोरं हसली. नायलॉनची घ्या.

शेवटच्या आठवड्यासाठी आमच्या तालुक्याला माणूस शोधावा लागत नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवलं, ५,००० मध्ये कांस्य. दहा हजारात सुवर्ण प्रीजा श्रीधरनचं, अंतर जेमतेम सेकंदभराचं. दहा हजार मीटर म्हणजे किती, हे बोलून कळत नाही. वर्गाने मिळून ते पळायचं. आमच्या मैदानाची फेरी ११० मीटर, म्हणजे ९१ फेऱ्या. २६ मुलं, प्रत्येकी साडेतीन फेऱ्या, ३८५ मीटर. शाळेला उशीर झाला की आमची पोरं याहून जास्त पळत येतात. साडेतीनमुळे बदली एकदा या टोकाला आणि एकदा समोरच्या टोकाला होते, तेव्हा दोन्हीकडे एकेक मोठं माणूस उभं करा. काठी देवाणघेवाणीला लाटणं उत्तम. फेऱ्या मोजायला ९१ खडे एका घमेल्यात ठेवा, फेरी झाली की एक उचलायचा. तोंडी मोजणी चाळिशीनंतर हमखास चुकते. आणि ९१ फेऱ्या म्हणजे १०,०१० मीटर होतात, तर शेवटच्या फेरीची रेषा दहा मीटर अलीकडे आखून ठेवा, नाहीतर कुणीतरी ते विचारणारच.