स्वतःच्या फीडवरून व्हिडिओ पॉडकास्ट : या चुका टाळा

"अरे, माझ्याकडे तर नीट दिसतंय की!"

आमच्या शेजारच्या काकांचं हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. काका चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. पेठांमधल्या जुन्या वाड्यांवर ते व्हिडिओ पॉडकास्ट करतात. बोलणं त्यांचं, कॅमेरा, एडिटिंग आणि फीड (पॉडकास्ट ॲपना भागांची माहिती देणारी यादी) माझ्या गळ्यात. दरमहा पैसे घेणारी पॉडकास्ट होस्टिंग सेवा नको, आपली जागा, आपला पत्ता, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून आरएसएस फीडची एक्सएमएल फाइल मी हातानं लिहिली आणि पुढचे कित्येक शनिवार-रविवार त्यातल्या चुका निस्तरण्यात घातले.

काकांचं वाक्य खोटं नव्हतं. ते लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये बघत होते आणि ब्राउझर हा फार समजूतदार प्राणी आहे. फाइल अर्धवट असो, सर्व्हर अडखळो, तो सांभाळून घेतो. पॉडकास्ट ॲप तसं करत नाही. त्यामुळे "ब्राउझरमध्ये उघडलं" ही साक्ष धरायचीच नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम झाला.

आयफोनवर चालत नाही, अँड्रॉइडवर चालतो

यात माझे दोन रविवार गेले. भाग किती जणांनी उतरवला हे मोजायला मी एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट लिहिली होती. ॲप स्क्रिप्टकडे येणार, स्क्रिप्ट आकडा एकानं वाढवणार आणि फाइल वाचून पुढे ढकलणार. अँड्रॉइडवर सुरळीत. काकांच्या सुनेच्या आयफोनवर मात्र नुसतं चक्र फिरत राहायचं.

कारण असं की ॲपलची उपकरणं व्हिडिओ अख्खा मागत नाहीत, तुकड्यातुकड्यानं मागतात. "अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत दे" अशा मागणीला सर्व्हरनं २०६ या क्रमांकाचं उत्तर आणि तेवढाच तुकडा द्यायला हवा. माझी स्क्रिप्ट दर वेळी २०० म्हणून सगळी फाइल समोर ओतत होती. स्क्रिप्ट काढली, थेट फाइलचा पत्ता दिला, प्रश्न मिटला. मोजणी हवीच असेल तर सर्व्हरच्या लॉगमधून करा किंवा स्क्रिप्टला नुसतं पुढच्या पत्त्यावर वळवायला सांगा. फाइल तिच्या हातात देऊ नका.

तपासायचं कसं? टर्मिनलमध्ये कर्ल ही आज्ञा वापरून फाइलचे फक्त पहिले शंभर बाइट मागा. २०६ आलं तर ठीक. २०० आलं तर दोष सर्व्हरचा आहे, फीडमध्ये शोधत बसू नका. त्याच बैठकीत नुसते हेडरही, म्हणजे फाइलशिवाय फक्त तिची माहिती, मागून बघा. ॲपलला ही 'हेड' मागणी मान्य करणारा सर्व्हर लागतो, आणि फाइलचा प्रकार 'व्हिडिओ/एमपी४' असाच यायला हवा.

गुगल ड्राइव्हची शेअर लिंक फीडमध्ये टाकणाऱ्यांना वेगळं काही सांगत नाही. ती लिंक फाइलची नसते, फाइल दाखवणाऱ्या पानाची असते.

सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात

एमपी४ फाइलमध्ये 'मूव' नावाचा एक कप्पा असतो. कुठलं चित्र आणि कुठला आवाज फाइलमध्ये नेमका कुठे आहे, त्याची यादी त्यात असते. चित्रण संपल्याशिवाय यादी पुरी होत नाही, म्हणून बरीच सॉफ्टवेअर तो कप्पा फाइलच्या शेवटी लिहितात. ॲपला मग सुरुवात करण्याआधी शेपटापर्यंत जावं लागतं, आणि तुकडे न देणारा सर्व्हर असेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत थांबावं लागतं. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनात 'फास्टस्टार्ट' हा पर्याय दिला की यादी पुढे येते. व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा लागत नाही, काही सेकंदांत काम होतं. हँडब्रेकमध्ये याच कामासाठी 'वेब ऑप्टिमाइझ्ड' अशी खूण करायची सोय आहे.

कोडेकबद्दल (चित्र-आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीबद्दल) थोडक्यात: चित्रासाठी एच.२६४, आवाजासाठी एएसी. आयफोनवर 'हाय एफिशियन्सी' सेटिंगनं घेतलेलं चित्रण एचईव्हीसी या वेगळ्या कोडेकमध्ये असतं. ते तसंच चढवलंत तर जुन्या फोनवर नुसता आवाज ऐकू येईल. आणि फोननं घेतलेल्या चित्रणाचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होत राहतो. वेगळ्या माइकवरचा आवाज त्याला जोडला की चाळिसाव्या मिनिटाला ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. एडिटिंगआधी फ्रेमरेट एकसारखा करून घ्या.

सगळे भाग पुन्हा उतरले!

ही माझी सगळ्यात महाग चूक. फीडमधल्या प्रत्येक भागाला एक ओळख असते, जीयूआयडी. हा भाग आपण आधी घेतला आहे की नवा, हे ॲप तिच्यावरून ठरवतं. आळस म्हणून मी जीयूआयडी म्हणून व्हिडिओचाच पत्ता लिहिला होता. पुढे फाइली दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्या, पत्ते बदलले, आणि मी एडिटरमध्ये 'सगळे बदला' दाबलं. पत्त्यांबरोबर ओळखीही बदलल्या. वर्गणीदारांच्या ॲपना अकराच्या अकरा भाग नवे वाटले. काकांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनमधली जागा रात्रीत भरली, आणि "सर, काय पाठवलंत हे?" म्हणून त्यानं सकाळी सात वाजता फोन केला.

जीयूआयडी पत्त्यापासून वेगळा ठेवा. 'वाडा-००७' इतकं साधं चालतं, फक्त रोमन अक्षरांत लिहा, तो पत्ता नाही म्हणून 'इजपर्मालिंक'पुढे 'फॉल्स' लिहा, आणि एकदा दिला की त्याला हात लावू नका. भागाचं नाव बदला, व्हिडिओ बदला, वर्णन बदला. ओळख तीच राहू द्या.

फीडचाच पत्ता बदलायचा असेल तर जुन्या पत्त्यावर ३०१ (कायमचं) वळण ठेवा, फीडमध्ये ॲपलचा 'न्यू फीड यूआरएल' टॅग घाला आणि जुनं डोमेन निदान काही महिने सोडू नका.

हिशेब आधी, होस्टिंग नंतर

पंचेचाळीस मिनिटांचा भाग, १०८० रेषांचा, सेकंदाला अडीच मेगाबिटचा बिटरेट, वर आवाज. फाइल होते साधारण ८८५ एमबी. तीनशे जणांनी उतरवला की २६५ जीबी. तेही एका भागाचं. शिवाय आपोआप उतरवण्याची सोय चालू असेल तर न बघणाऱ्याचेही बाइट आपल्याच खात्यात पडतात. दोन माणसं ओसरीवर बसून बोलताहेत, एवढ्यासाठी १०८० लागत नाही. आम्ही ७२० वर आलो, बिटरेट सव्वा मेगाबिटच्या आसपास ठेवला आणि फाइल निम्म्यावर आली. एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही. काकांनी केली, पण ते चित्रकार आहेत.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरच्या 'अनलिमिटेड' शब्दाखालच्या अटी वाचा. फीड तिथे खुशाल ठेवा, ती काही केबीची असते. व्हिडिओ मात्र ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली साठवून त्यांच्या पत्त्यावरून देणाऱ्या क्लाउड सेवेत) ठेवा, आणि साठवण्याच्या दरापेक्षा बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर आधी बघा. क्लाउडफ्लेअरच्या आर२ मध्ये तो आकारत नाहीत. ॲमेझॉनच्या एस३ मध्ये आकारतात.

घरातल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर होस्टिंग करण्याचा मोह मलाही झाला होता. गुरुवारी वीज जाते, हे पुणेकराला नव्यानं सांगायला नको. त्यातून बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही, बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही. विषय संपला.

मराठीमुळे होणारे घोटाळे

'तुळशीबाग & मंडई' असं भागाचं नाव दिलं आणि त्या दिवशी अख्खी फीड बंद पडली. एक्सएमएलमध्ये ते 'आणि'चं चिन्ह नुसतं चालत नाही, त्याचं सांकेतिक रूप लिहावं लागतं. मी सरळ 'आणि' लिहितो. आपल्याकडे शब्द आहे की.

काकांनी वर्णनं जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप करून दिली होती. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर त्यातलं एक अक्षर कळत नाही. युनिकोडच हवं, फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करायला हवी, आणि पहिल्या ओळीआधी रिकामी ओळ किंवा स्पेस राहता कामा नये.

व्हिडिओ फाइलचं नाव देवनागरीत ठेवू नका. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि काही ॲपं तिथेच मान टाकतात. तारखेचंही तसंच. वार आणि महिना इंग्रजी लघुरूपात, अंक इंग्रजी. तारीख छापणाऱ्या माझ्या स्क्रिप्टनं मशीनची भाषा बघून 'गुरु' आणि 'ऑग' छापलं होतं. शेवटी आपली वेळ दाखवणारे अधिक ०५३० लिहायला विसरू नका. संध्याकाळी सहाची वेळ शून्य-शून्य लावून लिहिलीत तर ती आपल्याकडची रात्रीची साडेअकरा होते, आणि काही ॲपं तोवर भाग दाखवत नाहीत.

मुखचित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेल, जेपेग किंवा पीएनजी. आमचं नारायण पेठेतल्या छापखान्यातून आलं होतं, सुंदर आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांत. ॲपलला आरजीबी, म्हणजे पडद्याचे रंग लागतात.

बारीकसारीक, पण अडवणारं

भागाच्या फाइलचा पत्ता सांगणाऱ्या एन्क्लोजर टॅगमधला 'लेंग्थ' म्हणजे मिनिटं नाहीत, फाइलचे बाइट. मिनिटांसाठी 'ड्युरेशन' हा वेगळा टॅग आहे. व्हिडिओ बदलून चढवला की 'लेंग्थ'चा आकडाही बदला. मालकाच्या टॅगमधला ईमेल सगळ्या जगाला दिसतो, तिथे खासगी ईमेल देऊ नका. सर्व्हरपुढे 'तुम्ही माणूस आहात का' विचारणारी भिंत असेल तर फीड आणि व्हिडिओ तिच्यातून वगळा, कारण ॲप माणूस नाही. आणि ब्राउझरला एसएसएल (सुरक्षित जोडणी) चालतं पण ॲपला नाही, असं झालं तर सर्टिफिकेटच्या साखळीतली मधली कडी सर्व्हरवर टाकायची राहिली आहे का, ते बघा.

ऑडिओ आणि व्हिडिओ एकाच फीडमध्ये कालवू नका, दोन फीड करा. ॲपल पॉडकास्ट्स फीडमधला व्हिडिओ घेतं. स्पॉटिफाय घेत नाही, तिथे व्हिडिओ स्वतंत्रपणे चढवावा लागतो. यूट्यूब आरएसएसमधला आवाज घेऊन त्यावर मुखचित्र चिकटवतं, म्हणून तिथेही खरा व्हिडिओ हातानंच चढवा.

सगळं दुरुस्त करून डब्ल्यूथ्रीसीच्या फीड व्हॅलिडेटरमधून (फीड तपासणाऱ्या सोयीतून) पास झालात, तरी ॲपमध्ये जुनंच दिसेल. फीड पुन्हा वाचली जायला काही तास लागतात. या काळात घाबरून शो काढून पुन्हा नोंदवू नका. एकाच नावाचे दोन शो तयार होतात आणि वर्गणीदार जुन्याकडे राहतात. आमचे चौदा जण अजून तिकडेच आहेत.