साठीनंतर परदेशी सेवा: नाताळाची तयारी कशी कराल

नाताळ परदेशात काढायचा असेल तर तयारी पुण्यातूनच सुरू करा, आणि आधी तब्येत बघा. मी निवृत्त नर्स, आणि आमचे हे खडकीच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. आम्ही दोघं केनियात किसुमूजवळ, मिशनच्या मुलांच्या वसतिगृहात सेवेला होतो. पुण्यातल्या क्वार्टर गेटच्या आसपासच्या चर्चच्या मंडळ्यांमधून आता जी जोडपी तिकडे सेवेला निघाली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला मागतात. तो नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. मात्र साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. म्हणून आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, चालू असलेली सगळी औषधं त्यांना दाखवा, आणि मगच तारीख ठरवा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथे मलेरिया बारमाही. त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या आणि मच्छरदाणीशिवाय एकही रात्र झोपू नका. बीपी-शुगरची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या कंपनीचं नाव तिथल्या दुकानदाराला ठाऊक नसतं. 25 आणि 26 डिसेंबर, दोन्ही दिवस तिथे सुटी. तेव्हा महिनाभराचा साठा 15 तारखेच्या आतच भरून ठेवा.

सामान थोडकंच घ्या. किसुमू जवळजवळ विषुववृत्तावर आहे, डिसेंबरात थंडी नसते, स्वेटर एक पुरे. वीज आपल्यासारखीच, पण प्लग तीन चपट्या पिनांचा, म्हणून दोन-तीन अडॅप्टर घ्या. दिवाळीच्या सुमारास रविवार पेठेत घडी होणारे कागदी कंदील मिळतात, ते बॅगेच्या तळाशी सपाट बसतात. चांदणीच्या आकाराचे निवडा. आणि लाटणं न्या. का ते पुढे सांगते.

प्रवास 20 तारखेच्या आत उरका. नाताळाला नैरोबीतली माणसं गावाकडे निघतात, बसभाडी वाढतात, रस्ते भरून वाहतात. रात्रीच्या बसने मुळीच जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आता खरं काम. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतं. त्यामुळे डिसेंबरात वसतिगृह रिकामं होतं. उरतात ती घर नसलेली किंवा घरी जाणं सुरक्षित नसलेली मुलं, रात्रपाळीचा वॉचमन, आणि स्वयंपाकघरातली एखादी बाई, जिला गावी जायचं भाडं परवडत नाही. तुमचा नाताळ यांच्यासाठी आहे. चर्चचा मोठा कार्यक्रम तिथली मंडळी बसवतात आणि फार सुंदर बसवतात. लुओ आणि स्वाहिली या तिथल्या भाषांमधल्या गाण्यांनी उपासना तासन् तास चालते. तिथे तुम्ही मागच्या बाकावर बसा, टाळ्या वाजवा, सांगितलं तर एक मराठी भजन म्हणा. कार्यक्रम हातात घेऊ नका. आपण वयाने मोठे, पाहुणे, त्यामुळे कोणी नाही म्हणणार नाही. म्हणूनच आपण जपायचं.

उरलेल्या मुलांबरोबर मात्र दिवसच्या दिवस घालवा. ठरवून काही शिकवू नका, बरोबर काम करा. केनियात नाताळाच्या ताटात चपाती असतेच. ही चपाती आपल्या लोकांबरोबरच तिथे रुजली. मोंबासाहून निघालेली रेल्वे 1901 मध्ये किसुमूला पोचली आणि ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. तिथली चपाती मैद्याची, तेल लावून पदर काढलेली, आपल्या घडीच्या पोळीची सख्खी बहीण. म्हणून लाटणं. 24 तारखेला दुपारी कणीक-मैदा भिजवून सगळ्यांना भोवती बसवा. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत, ती पोळ्या लाटताना आईबद्दल बोलतात. तेव्हा फक्त ऐका. लगेच बायबलमधलं वचन सांगायला जाऊ नका, हात चालू ठेवा.

पुरुषमाणसांबद्दल एक सांगते. सुटीत कामं थांबली की साठीपुढचा माणूस गप्प होतो. नातवंडांचे फोटो बघत बसतो, आणि आपण त्याला "प्रार्थना करा" म्हणतो. त्याऐवजी त्याला काम द्या. आमच्या ह्यांनी वसतिगृहाचे सगळे होल्डर तपासले, कंदिलांना माळा जोडल्या, आणि दोन मोठ्या मुलांना वायर सोलायला शिकवलं. पुढे ती मुलं पंखाही जोडायला लागली. तुमच्यापैकी ज्याला जे येतं ते न्या, शिवण, सुतारकाम, हिशेब, काहीही.

घरची आठवण येणारच, ती दाबू नका, तिला वेळ नेमून द्या. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पुण्यात मध्यरात्रीची उपासना सुरू होते तेव्हा तिथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तेव्हा फोनवर थोडी उपासना ऐका, मुलाबाळांना भेटा, रडू आलं तर रडा, आणि मग फोन बंद करून तिथल्या उपासनेला जा. दिवसभर व्हॉट्सअॅपवर पुण्याचे फराळाचे फोटो बघत राहिलात तर दोन्हीकडचा नाताळ हातचा जातो.

पैशाचं शेवटी सांगते, पण ठरवायचं आधी. आपण निघताना इथली मंडळी पैशांची पाकिटं देतात. ती रक्कम नाताळाच्या भेटींवर उडवू नका. स्वतःच्या हाताने पैसे वाटू नका, तिथल्या चर्चच्या पाळकांना आणि वसतिगृहाच्या वॉर्डनला विचारा, कारण कुणाला काय दिलं हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलेलं असतं आणि तुम्ही परतल्यावर निस्तरायचं त्यांनाच. डिसेंबरात प्रत्येक घरातला पैसा खर्च होतो आणि लगेच जानेवारीत शाळा उघडते. फी, गणवेश, वह्या, बूट, सगळं एकदम. म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम जानेवारीसाठी बाजूला ठेवा. फी थेट शाळेत भरा, पावती घ्या, आणि पावतीचा फोटो पुण्यातल्या देणाऱ्यांना पाठवा.