हिरवा आडोसा: कुंपणाच्या झाडांची निवड कशी करावी

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी अंगणात आपण नेहमी बसतो त्या जागी खुर्ची टाकून बसावे आणि घरातील कोणाला तरी कुंपणालगत एक उंच काठी उभी धरायला सांगावी. रस्त्यावरून किंवा शेजारच्या ओट्यावरून येणारी नजर ज्या उंचीवर अडते, तेथे काठीवर खडूने खूण करावी. ही खूण बहुधा सहा-सात फुटांच्या आतच येते आणि आपल्याला वृक्षांची नव्हे, तर झुडपांची गरज आहे हे तेव्हाच स्पष्ट होते. नजर वरच्या मजल्यावरील गच्चीतून येत असेल, तर मात्र कुंपणाची उंची वाढवत बसण्यात अर्थ नाही. आडोसा बसण्याच्या जागेजवळ आणला की कमी उंचीही पुरते. म्हणून अशा ठिकाणी लहानसा मांडव घालून त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवणे अधिक सोयीचे ठरते.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, घाईने खोट्या अशोकाची किंवा सिल्व्हर ओकची रांग लावणारे पुष्कळ असतात. ही झाडे बघता बघता घरापेक्षा उंच होतात, आणि पुढे ती नकोशी झाली तरी शहरी भागात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय आपल्याला पालवी हवी असते ती डोळ्यांच्या उंचीवर, पंचवीस फुटांवर नव्हे.

कुंपणाच्या झुडपाला जमिनीपासूनच फांद्या फुटल्या पाहिजेत, त्याची पाने बाराही महिने टिकली पाहिजेत आणि वारंवार छाटणी केल्यावरही ते जोमाने फुटले पाहिजे. या तिन्ही कसोट्यांवर माझी पहिली पसंती कुंतीला आहे. रोपवाटिकांत ती कामिनी या नावाने मिळते. तिची बारीक, तकतकीत पाने इतकी दाट असतात की पूर्ण वाढलेल्या कुंपणातून पलीकडचे माणूस दिसत नाही, आणि चांगला पाऊस पडून गेल्यावर पांढऱ्या फुलांचा घमघमाट अंगणभर पसरतो. ती सावकाश वाढते, त्यामुळे तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते; मात्र त्याच कारणाने पुढे कात्रीही कमी लागते. एका ठिकाणी मात्र ती लावू नये. कुंती ही लिंबाच्या कुळातील असून संत्रा-मोसंबीवर येणारी सायला कीड तिच्यावरही वाढते. नागपूर, अमरावती किंवा जालना भागात आसपास फळबागा असतील, तर शेजारच्या बागायतदाराचा विचार करून दुसरे झुडूप निवडावे.

कोकणात, विशेषतः खाडीकाठच्या खाऱ्या वाऱ्यात, कोयनेल उत्तम येते, कारण तेच तिचे मूळ घर आहे. ती झपाट्याने वाढते. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी छाटण्याची तयारी असेल तरच ती लावावी. पाण्याची टंचाई असलेल्या भागात मेंदी आणि अडुळसा ही जुनी, विश्वासाची झुडपे आहेत. अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, हा गावाकडच्या घरांसाठी मोठाच फायदा. जास्वंद आणि तगर यांचीही रांग शोभते, फक्त जास्वंदीवर पिठ्या ढेकूण लवकर येतो आणि दाट रांगेत तो एका झाडावरून दुसऱ्यावर सहज पसरतो, एवढे लक्षात असू द्यावे.

काही झाडे टाळलेलीच बरी. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते आणि कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात, म्हणून लहान मुले किंवा जनावरे असलेल्या घरी ही दोन्ही नकोत. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून खूप विकला जातो. परंतु परागकणांची ॲलर्जी आणि भूमिगत वाहिन्यांत शिरणारी मुळे या कारणांनी गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

लागवड जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. कुंपणाच्या भिंतीपासून दीड-दोन फूट आत साधारण दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून त्यात माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरावी. एका ओळीत दीड फुटावर एक रोप पुरते. भिंतीलगतचे ते अंतर सोडायचे ते पलीकडच्या बाजूची छाटणी शेजाऱ्याच्या आवारात न शिरता करता यावी म्हणून.

रोप फूटभर वाढले की त्याचा शेंडा खुडावा. आमच्या पहिल्या ओळीत मन धजावले नाही म्हणून मी तो खुडला नाही, आणि तीन वर्षांनी वर दाट पालवी व खाली गुडघाभर उघडे बुंधे अशी तिची अवस्था झाली. शेवटी सगळी ओळ जमिनीपासून वीतभर ठेवून पुन्हा कापावी लागली. खुडलेल्या शेंड्याखालून दोन-तीन फुटवे येतात, तेही सहा-आठ इंच वाढल्यावर पुन्हा खुडावेत आणि पहिली दोन वर्षे हाच क्रम ठेवावा. छाटताना कुंपणाचा तळ माथ्यापेक्षा चार-सहा इंच रुंद राखावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. आणि एप्रिल-मेच्या उन्हात खोल छाटणी करू नये.