१ मेच्या कामगार सत्काराची तयारी

सगळ्यात आधी वेळ ठरवा, कारण १ मेला नागपुरात पारा ४३-४४च्या आसपास असतो. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहानंतरच ठेवायचा. सकाळच्या झेंडावंदनाला जोडून सत्कार उरकावा असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. पण त्या वेळी सफाईच्या ताई रस्त्यावर असतात, हमाल पोत्याखाली आणि गवंडी बांधकामावर. ज्यांचा मान करायचा, त्यांची रोजी बुडवून तो करायचा नाही.

नावं तीन आठवडे आधी, घरी जाऊन, समोर बसून लिहून घ्या. मी हे कळकळीनं सांगतो. एका वर्षी धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींच्या सन्मानपत्रावर आम्ही ‘अमुक यांच्या पत्नी’ असं छापलं. तीस वर्षं वस्तीतली घरं त्यांनी सांभाळली आणि कागदावर नाव नवऱ्याचं. त्या काही बोलल्या नाहीत. फोटो काढताना फक्त त्या ओळीवर अंगठा ठेवून उभ्या राहिल्या. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून छापायच्या आधी प्रत्येकाला त्याचं पत्र वाचून दाखवतो. वाचता येत असेल त्याच्या हातात देतो आणि थांबतो.

कामही नेमकं लिहा. ‘गिरणी कामगार’ एवढ्यानं भागत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ साली सुरू झाली आणि आपल्या कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटली. आजोबा विणाईत होते की कताईत, कोणत्या पाळीला, हे विचारा. मागे एका आजोबांनी माइक बाजूला ठेवून खिशातून दोरा काढला, तोडला आणि चालत्या मागावर तो कसा जोडायचा ते करून दाखवलं. बोटं थरथरत होती, गाठ मात्र पहिल्याच खेपेला बसली. पोरं स्टेजला चिकटून बघत होती. म्हणून पाहुण्यांच्या भाषणाआधी पाच-पाच मिनिटं कामगारांना द्यायची, मागून नाही.

भाषण एकच, तेही दहा मिनिटांचं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६०ला झालं, हे सगळेच सांगतात. त्यासोबत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९०ला गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि १९४२ ते ४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, हेही यावं. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना आजही रविवार मिळत नाही. तेही बोला.

मंडपाची परवानगी महापालिकेच्या झोन कार्यालयातून आणि लाउडस्पीकरची पोलीस ठाण्यातून आठ दिवस आधी घ्या. रात्री दहाला आवाज बंद. बिछायतवाल्याला कूलरची तोंडं पुढच्या रांगेकडे करायला सांगा, स्टेजकडे नाही. पुढची रांग सत्कारमूर्ती आणि त्यांच्या घरच्यांची. नगरसेवक आले तरी ती हलवायची नाही.

शाल नको, उन्हाळ्यात ती कपाटातच जाते. हातमागाचा सुती दुपट्टा द्या, दुसऱ्या दिवशी उन्हात डोक्याला बांधता येतो. तो विणकराकडूनच घ्या आणि भाव पाडू नका.

पन्ह्यासाठी कैऱ्या आदल्या रात्री उकडून ठेवा. पाण्याचे माठही आधीच भरून ठेवा, म्हणजे पाणी गार होतं. कोणाला चक्कर आलीच तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून तयार असावं. जेवायला वडाभात, वरून फोडणीचं तेल, आणि कढी. वाढायला आपण, म्हणजे समितीचे लोक. सफाईच्या ताईंनी त्या दिवशी पत्रावळ उचलायची नाही. मैदान आपणच झाडायचं.

मंडप सोडायला बिछायतीची पोरं रात्री अकराला येतात. त्यांच्यासाठी एक गंज भात आणि कढी आधीच काढून झाका, आणि हिशेब त्याच रात्री चुकता करा.