हमालाचा वाक मोजताना: चार शास्त्रे एका प्रश्नावर कशी आणावीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला, की गाळ्यागाळ्यांत पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि त्या लावणारा हमाल दिवसभर वाकतो, उठतो, पाठीवर पोते घेऊन चालतो. या हमालाच्या कंबरदुखीवर प्रबंध लिहावा असे सांगली-सातारा भागातील फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला वाटणे साहजिक आहे. मात्र थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते, की वाक मोजायला शरीरगतिशास्त्र लागते, घामावाटे अंगातले पाणी किती गेले हे कळायला रसायनशास्त्र लागते, हाती आलेल्या आकड्यांवर किती विसंबायचे हे ठरवायला गणित लागते, आणि मुळात दुसऱ्याच्या शरीराची चित्रफीत किंवा लघवीचा नमुना घेण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो हे समजून घ्यायला वैद्यकीय कायदा लागतो. मी गणित शिकवतो. अशा काही अभ्यासांत मला बोलावणे आले, आणि ते बहुतेक वेळा मोजणी उरकल्यानंतर, म्हणजे दुरुस्तीची वेळ टळून गेल्यावर आले. म्हणून या चार शास्त्रांच्या चौघा माणसांनी पहिल्या मोजणीच्या आधीच एका टेबलाशी कसे बसावे, ते येथे सांगत आहे.

प्रश्न असा निवडावा की त्यातून चारांपैकी एकही शास्त्र काढले तर तो अपुरा राहील. ‘हमालांच्या आरोग्याचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. उदाहरणादाखल हा प्रश्न घेऊ: सकाळी पोते उचलताना हमालाची पाठ जितकी वाकते, त्यापेक्षा ती दुपारी काम संपताना अधिक वाकते का, आणि हा फरक त्याच्या अंगातील पाणी कमी होण्याशी जुळतो का? यात कोन आहे, नमुना आहे, तुलना आहे आणि माणूसही आहे. पुढचे सगळे विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

आधी संमती

कायद्याचे प्रकरण प्रबंधाच्या परिशिष्टात ढकलण्याची रीत आहे. प्रत्यक्षात कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण नैतिकता समितीची मंजुरी मिळण्यापूर्वी गोळा केलेली माहिती नंतर कितीही चांगली ठरली तरी वापरता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या कामाचा पाया आहेत. शिवाय ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ यांच्या चौथ्या प्रकरणानुसार आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या समितीची स्वतःची नोंदणी असावी लागते. आपल्या महाविद्यालयात समिती आहे एवढ्यावर समाधान न मानता तिची नोंदणी चालू आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

यार्डात खरी अडचण वेगळीच असते. हमाल टोळीने काम करतात आणि टोळीला मुकादम असतो. ‘घ्या हो, सगळे तयार आहेत,’ असे मुकादमाने म्हटले म्हणजे संमती मिळाली, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. मुकादमाचा होकार म्हणजे यार्डात पाऊल टाकण्याची परवानगी; संमती प्रत्येक हमालाची स्वतंत्र, मुकादम जवळ नसताना आणि कामाच्या घाईबाहेर घ्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याला माहितीपत्रक मराठीत वाचून दाखवावे, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवावा आणि अंगठा घ्यावा. चित्रफितीसाठी वेगळी संमती, नमुन्यासाठी वेगळी. एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार देण्याची मुभा हमालाला असली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या संमतीविषयक निकालाचे सूत्र या ठिकाणी उपयोगी पडते. तो निकाल उपचारासंबंधी आहे, संशोधनासंबंधी नाही. पण एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे त्यातील तत्त्व नमुन्यांच्या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावे. पाण्याचे प्रमाण पाहण्यासाठी घेतलेल्या लघवीत ‘सहज म्हणून’ साखर किंवा तंबाखूचे अंश तपासणे याच कारणाने त्या संमतीत बसत नाही.

बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते. ती इतकी मोठी मात्र नसावी, की पैशासाठी नाही म्हणणे अवघड व्हावे. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंद झालेल्या हमालाच्या कामाचा आणि मजुरीचा हिशेब माथाडी मंडळामार्फत राहतो. अशा माणसाची पाठ अधू आहे ही नोंद नावानिशी बाहेर गेली तर त्याच्या पोटावर पाय येऊ शकतो. नावांची यादी आणि मोजमापांची वही म्हणूनच दोन वेगळ्या कुलपांत असाव्यात.

कंबर कुठे संपते

कंबरदुखीची प्रश्नावली बहुधा १९८७ च्या नॉर्डिक प्रश्नावलीवरून घेतली जाते. ती शरीराचे नऊ भाग पाडते आणि गेल्या बारा महिन्यांतील व गेल्या सात दिवसांतील त्रास विचारते. मराठीत ती उतरवताना शब्दकोश पुरत नाही. हमाल ज्याला ‘पाठ’ म्हणतो तीत मानेखालपासून माकडहाडापर्यंतचा सगळा भाग येऊ शकतो. ‘कंबर धरली’ आणि ‘उसण भरली’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी दुखणी आहेत, कारण पहिले हळूहळू येते आणि दुसरे एका झटक्यात. ‘चमक निघते’ म्हटल्यावर दुखणे पायापर्यंत उतरते की जागेवरच राहते, हे पुढे विचारावेच लागते. ‘मुंग्या येतात’ हा शब्द तर फिजिओथेरपिस्टने लाल शाईने अधोरेखित करावा, कारण तो मज्जातंतूवर दाब असल्याची शंका उभी करतो आणि असा माणूस अभ्यासात घेण्याऐवजी आधी डॉक्टरकडे पाठवावा लागतो. (उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणारे आजही आहेत. त्यावर हसू नये. ‘त्यानंतर किती दिवसांनी कामावर गेलात?’ असे विचारावे. उत्तर उपयोगी निघते.) माणसाचे रेखाचित्र समोर ठेवून ‘कुठे, बोट ठेवा’ असे सांगितले की निम्मे गोंधळ मिटतात.

‘बारा महिने’ हा शब्दही यार्डात चालत नाही. ‘गेल्या शिमग्यापासून’ असे विचारले की आठवण नेमकी येते.

कोन, कॅमेरा आणि सूत्र

वाक मोजण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. खांदा आणि खुब्याचे हाड यांवर चिकटखुणा लावून, तिपाईवरील मोबाइलने सेकंदाला साठ चौकटींच्या वेगाने बाजूने चित्रण केले तर काम भागते. घामाने खुणा निघतात, म्हणून कातडी पुसून त्या लावाव्यात आणि त्यांच्या जागेवर पेनाने आधी टिंब काढून ठेवावे.

चूक होते ती कॅमेऱ्याच्या जागेची. हमाल कॅमेऱ्याला काटकोनात नसून ३० अंश वळलेला असेल, तर आडवे अंतर ०.८६६ पट दिसते, आणि प्रत्यक्षात ४५ अंश वाकलेली पाठ पडद्यावर सुमारे ४१ अंश भरते. चार अंशांची ही चूक क्षुल्लक वाटेल. परंतु आपण शोधत आहोत तो सकाळ-दुपारचा फरकच पाचएक अंशांचा असू शकतो. सकाळी कॅमेरा एका गाळ्यात आणि दुपारी उन्हामुळे समोरच्या गाळ्यात हलवला, तर आपण हमालाचा थकवा मोजत नसून तिपाईची जागा मोजत असतो. जमिनीवर खडूने रेघ ओढावी, हमालाने पाय तिच्यावर ठेवावेत, आणि तिपाईच्या पायांभोवतीही खडू फिरवून ठेवावा.

ओझे किती धोक्याचे, हे सांगण्यासाठी विद्यार्थी अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचे १९९१ मध्ये सुधारलेले सूत्र वापरतात. त्यात सर्व काही आदर्श असताना २३ किलो ही मर्यादा धरतात आणि परिस्थिती बिघडत जाईल तसतशी ती गुणकांनी खाली आणतात. पोते घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे असेल तर आडव्या अंतराचा गुणक २५ भागिले ४०, म्हणजे ०.६२५ येतो. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असतील तर ०.८२, तिथून ११० सेंटिमीटर वर उचलायचे असेल तर ०.८६, अंग ३० अंश पिळले जात असेल तर ०.९०४, पोत्याला धड पकड नाही म्हणून ०.९०, आणि तासभर, मिनिटाला एक या वेगासाठी ०.९४. सगळ्यांचा गुणाकार २३ ने गुणला की जेमतेम पावणेआठ किलो उरतात. पन्नास किलोच्या पोत्याला त्याने भागले तर उत्तर सहाच्या वर येते, आणि प्रबंधात ठळक अक्षरांत छापावे असे ते दिसते.

छापण्यापूर्वी थांबावे. हे सूत्र एका माणसाने दोन्ही हातांनी, स्थिर ओझे, सुखद तापमानात उचलण्यासाठी आहे. ओझे वाहून नेणे त्यात धरलेले नाही. यार्डात मात्र बहुधा दोघे मिळून पोते तिसऱ्याच्या पाठीवर देतात, लोखंडी हुक लावून ओढतात, आणि एप्रिलचे ऊन असते. आलेला आकडा म्हणूनच ‘धोका इतका’ असे सांगत नाही, तो एवढेच दाखवतो की परिस्थिती सूत्राच्या आवाक्याबाहेर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतील ५५ किलोंशीही या २३ किलोंची सांगड घालू नये. ते प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याचे कमाल प्रमाण आहे, पाठीला सुरक्षित असलेले ओझे नव्हे. हा घोळ परीक्षकांच्या नजरेतून सुटलेला मी पाहिला आहे.

पिवळी बोटे

अंगातील पाण्यासाठी लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तिची घनता, मोजणे सर्वांत सोपे. हातात धरायच्या अपवर्तनमापीवर (रिफ्रॅक्टोमीटरवर) दोन थेंब टाकले की आकडा दिसतो, आणि १.०२० च्या वर गेला तर पाणी कमी पडले असे सामान्यतः मानतात. त्याच्या जोडीला क्रिएटिनिन (शरीर लघवीवाटे बाहेर टाकते असा एक टाकाऊ पदार्थ) मोजावे असे रसायनशास्त्राचे मार्गदर्शक सुचवतात, आणि प्रयोगशाळेत त्यासाठी याफे या शास्त्रज्ञाची १८८६ ची पद्धत सहज उपलब्ध असते: अल्कधर्मी माध्यमात पिक्रिक आम्ल मिसळले की नारिंगी-लाल रंग येतो आणि त्याची गडदता मोजतात. (पिक्रिक आम्ल कोरडे पडू देऊ नये, कोरडे झाले की ते स्फोटक असते.)

अशाच एका अभ्यासात आमच्या पहिल्या फेरीत बाटल्यांच्या झाकणांवर पिवळी बोटे उमटलेली होती. कोणाचे लक्ष गेले नाही, कारण हळदीच्या यार्डात सगळेच पिवळे असते. काही नमुन्यांचे आकडे मग विचित्र वर गेले. हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू असेच होते, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. आणि याफेच्या पद्धतीतील माध्यमही अल्कधर्मीच असते. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण अल्कलीत उतरतो आणि तांबूस होऊन आपल्या नारिंगीत मिसळतो. पुढच्या फेरीला साबण, घंगाळ आणि स्वच्छ टॉवेल नेला, बाटल्या नमुना देण्याच्या क्षणापर्यंत बंद ठेवल्या, आणि प्रत्येक नमुन्याचा पिक्रिक आम्ल न घालता केवळ अल्कलीतला रंग वेगळा मोजून वजा केला. आकडे ताळ्यावर आले.

क्रिएटिनिनची दुसरी खोच शरीरगतिशास्त्राच्या माणसानेच सांगावी लागते. ते स्नायूंतून येते, आणि पंधरा वर्षे पोती उचललेल्या माणसाचे स्नायू अडत दुकानातल्या दिवाणजीच्या स्नायूंहून भरीव असतात. हमालांची दिवाणजींशी तुलना करताना क्रिएटिनिनने भागाकार केला, तर स्नायूंचा फरक पाण्याचा फरक म्हणून पुढे येतो. आपल्या प्रश्नात तुलना त्याच माणसाच्या सकाळची त्याच्याच दुपारशी आहे, म्हणून ही अडचण बरीच टळते.

किती हमाल

संख्या आधी ठरवावी. फरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे हा फरक माणसागणिक किती कमीजास्त होतो त्याचे माप, १० अंश असेल आणि ५ अंशांचा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या पाच टक्के पातळीवर व ऐंशी टक्के सामर्थ्यासाठी (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) ७.८४ गुणिले ४, म्हणजे ३२ हमाल लागतात; ७.८४ हा या दोन टक्केवाऱ्यांवरून येणारा ठरलेला आकडा आहे आणि ४ हा १० भागिले ५ चा वर्ग. परंतु एका टोळीतील माणसे एकाच पद्धतीने उचलतात, एकाच वेळी पाणी पितात, एकाच गाळ्यात राबतात. त्यांची मोजमापे एकमेकांना धरून असतात. टोळीत दहा जण आणि हे साम्य ०.१ धरले, तर संख्या १ अधिक ९ गुणिले ०.१, अर्थात १.९ पट करावी लागते. बत्तीसचे एकसष्ट होतात. संख्या वाढवण्याऐवजी टोळ्या वाढवून प्रत्येकीतून कमी माणसे घेतली तर हा बोजा हलका होतो, हे मार्गदर्शकाला पटवणे मात्र अवघड जाते, कारण नव्या टोळीसाठी पुन्हा नव्या मुकादमाकडे जावे लागते.

आणखी एक गोष्ट गणिताने पकडता येत नाही, ती विचारूनच कळते. ज्यांची पाठ गेली ते यार्डात उरलेलेच नाहीत. समोर दिसतो तो टिकलेल्यांचा गट, आणि त्यात वयस्कर हमाल तरुणांपेक्षा कमी दुखण्याची तक्रार करतो असे दिसले तर त्यावरून हमालीने पाठ मजबूत होते असा निष्कर्ष काढू नये. प्रत्येक टोळीत विचारावे: गेल्या तीन हंगामांत कोण सोडून गेले, आणि का? त्यातील जे भेटतील त्यांची वेगळी नोंद ठेवावी, अर्थात वेगळी संमती घेऊन.

विश्लेषण कसे करणार हे पहिली चित्रफीत उघडण्यापूर्वी लिहून, तारीख घालून चौघांच्या सह्यांनिशी ठेवावे. कोणत्या मोजमापावर निष्कर्ष काढणार आणि बिघडलेले नमुने कोणत्या कारणाने वगळणार, एवढे त्यात असले तरी पुरे.

निकाल आल्यावर ते आधी टोळ्यांना, यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी, मराठीत सांगावेत. ‘यानं पोत्याचं वजन कमी होणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर माहितीपत्रकात सुरुवातीलाच लिहिलेले असावे: नाही, या अभ्यासाने थेट होणार नाही. चित्रफिती संमतीपत्रात लिहिलेल्या मुदतीला पुसाव्यात, उरलेले नमुने नष्ट करावेत आणि दोन्हींची तारीखवार नोंद समितीकडे द्यावी.