पतंग आणि स्कीवरून ग्रीनलंडची हिमचादर: खानदेशातून तयारी करणाऱ्यांसाठी

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना हिवाळ्यातली पहाटेची गार झुळूक ओळखीची असते. रात्रभर गारठलेली हवा जड होते आणि उताराने खाली वाहत येते. ग्रीनलंडच्या हिमचादरीवर हेच घडतं, फक्त तिथला डोंगर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरचा, मधोमध तीन किलोमीटरहून जाड आणि बारमाही गार. त्यामुळे उतरणीचा वारा तिथे दिवसचे दिवस वाहतो. पतंगाच्या ओढीने ही चादर पार करायची तर वाट, पतंगांचे आकार, शिधा आणि परतीचं तिकीट या वाऱ्याकडे बघूनच ठरवावं लागतं.

वाट आधी, सामान नंतर

१८८८ साली नॉर्वेचा शोधक नान्सेन याच्या तुकडीने पूर्वेकडून पश्चिमेकडे पहिल्यांदा ही हिमचादर ओलांडली. स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाडीवर, शीड बांधून वाऱ्याचा उपयोग त्यांनीही केला होता. आज स्कीवरून चालणारे बहुतेक जण पश्चिमेकडचं कांगेरलुसुआक ते पूर्व किनारा ही साधारण ५५० ते ६०० किलोमीटरची वाट धरतात. पतंगाला मात्र ती सोयीची नाही. पश्चिमेकडून चढताना वारा माथ्यावरून थेट तोंडावर येतो. म्हणजे अर्धी वाट पतंग स्लेजवर नुसतं ओझं होऊन बसतो.

पतंगाची वाट दक्षिण-उत्तर आहे: नार्सारसुआकच्या बाजूने चढून कानाककडे, साधारण २३०० किलोमीटर. याचं कारण नीट समजून घ्या, कारण रोजचे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत. माथ्यावरून पश्चिमेकडे उतरणारी हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे वळते. पश्चिम उतारावर त्यामुळे वारा बहुतेक वेळा आग्नेयेकडून येतो आणि उत्तरेला जाणाऱ्याच्या पाठीला, थोडा तिरका लागतो. माथ्याच्या अगदी जवळ गेलात तर उतारच नसतो आणि वारा मरतो. फार खाली किनाऱ्याकडे गेलात तर वारा जोराचा, पण हिमभेगा सुरू होतात. मधला पट्टा सोडायचा नाही. २०१० साली सेबॅस्टियन कोपलँड आणि एरिक मॅक्नेर-लँड्री यांनी याच दिशेने जाताना एका २४ तासांत ५९५ किलोमीटर कापले. हा आकडा नियोजनात मात्र धरू नका.

नियोजनाचा हिशोब असा मांडा. पतंग चालेल असे ३० दिवस, दिवसाला सरासरी ७० किलोमीटर, म्हणजे २१०० झाले. उरलेले २०० किलोमीटर पायी ओढण्यासाठी आणि वादळात तंबूत बसण्यासाठी १५ दिवस. वर १० दिवसांचा राखीव शिधा. असा ५५ दिवसांचा माल झाला. निघायची वेळ एप्रिलअखेर ते मेची सुरुवात. जूनच्या उत्तरार्धात कडेचा बर्फ विरघळून पाण्याचे ओहोळ वाहू लागतात.

परवानगी ग्रीनलंड सरकारची लागते. तिच्यासाठी शोध-बचावाचा विमा आणि आपत्कालीन बीकन (संकटात आपलं ठिकाण कळवणारं उपकरण) दाखवावा लागतो. ही कामं निदान सहा महिने आधी हातात घ्या. ग्रीनलंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही. डेन्मार्कचा व्हिसा घेताना तो ग्रीनलंडसाठी वैध असल्याचं त्यावर लिहून घ्यावं लागतं. हे विसरलं तर पुढचं सगळं कोपनहेगनला अडतं.

खानदेशात काय शिकता येतं

बरंच काही. हिवाळी पिकं निघाल्यावर मोकळी झालेली शेतं आणि माळरानं यांवर दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा पतंग पायी उडवत महिनाभर घालवा. मेहरूण तलावाच्या काठी संक्रांतीला पतंग उडवलेल्यांच्या हातात ढील आणि खेच असतेच, पण एक सवय मोडावी लागते. मांजा बोटाला गुंडाळतो तशी ओढीच्या पतंगाची दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही. पाच-सहा चौरस मीटरचा पतंग बोट कापून नेतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी सराव करू नका. तापलेल्या काळ्या मातीवरून हवा उसळते, झोत एकदम येतो आणि एकदम जातो. सकाळी सात ते नऊ बरं, आणि जूनमधला पश्चिमेचा सलग वारा सगळ्यांत चांगला. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण नेमक्या त्या पठारावर पतंग उडवू नका. पवनचक्की आणि विजेच्या तारा यांपासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहा, कारण ओली दोरी वीज वाहून आणते. शेत निवडल्यावर ते आधी पायी फिरून बघा. कठडा नसलेली विहीर पतंगाकडे बघत मागे सरकणाऱ्याला दिसत नाही.

ओढायची ताकद टायरवर कमवा: कमरेला हार्नेस, मागे कारचे दोन टायर, कच्चा रस्ता, आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास, पहाटे चारला सुरुवात. स्की मात्र इथे शिकता येत नाही. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत पाया घाला, मग एक हिवाळा नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावर द्या. फिन्से हे १२२२ मीटर उंचीवरचं रेल्वे स्टेशन थेट पठारावरच आहे. स्की, पतंग आणि मागे भरलेली स्लेज हे तिन्ही एकत्र तिथे आधी जमलं पाहिजे.

पतंग आणि दोऱ्या

एका माणसाला तीन पतंग लागतात. सगळे कापडी कप्प्यांचे, हवेने फुगणारे, बारवरून (दोऱ्या जोडलेली, हातात धरायची दांडी) ओढ कमी करता येणारे. ७५ किलोचा माणूस आणि मागे शंभर किलो, असं धरून:

- १४ चौ. मी.: ताशी १० ते १८ किमी वाऱ्यात
- १० चौ. मी.: १८ ते ३० किमी
- ६ चौ. मी.: ३० ते ४५ किमी

त्याहून जास्त वाऱ्यात तंबू. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते: वारा २० वरून २८ वर गेला की ती जवळपास दुप्पट होते. वारा चढतोय असं वाटताक्षणीच लहान पतंग लावा. 'अजून दहा मिनिटं' म्हणून थांबलेला माणूस उचलला जातो. गार हवा जड असते हेही लक्षात ठेवा. उणे २५ अंशाची हवा आपल्या ४२ अंशाच्या हवेपेक्षा त्याच दाबाला सुमारे सव्वापट दाट असते, म्हणून किनाऱ्याजवळ पतंग ओळखीपेक्षा जोरात ओढतो. अडीच हजार मीटरवर दाब कमी झाल्याने हा फरक पुसला जातो.

दोऱ्या २५ मीटरच्या, शिवाय तेवढ्याच लांबीची जोड. जमिनीलगत वारा मंद असतो आणि ५० मीटरवर बरा मिळतो, त्यामुळे मंद वाऱ्यात जोड लावली की तोच पतंग चालतो. गुंता मात्र दुप्पट होतो. उणे २० मध्ये जाड हातमोज्यांनी गुंता सोडवण्यात तास जातो. त्यावर इलाज एकच: उतरवल्यावर दोऱ्या दर वेळी बारवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायच्या आणि टोकं एकत्र बांधायची. कंटाळा आला तरीही.

उडवणं आणि उतरवणं

क्रम बदलू नका. वाऱ्याच्या दिशेने चालत जाऊन पतंग उलटा पसरा आणि मागच्या कडेवर ओंजळभर बर्फाचे चार-पाच ढीग टाका. दोऱ्या सोडत मागे या, प्रत्येक दोरी बोटांतून सोडत पतंगापर्यंत नजरेने तपासा. स्लेजची दोरी हार्नेसच्या मागच्या कडीला लावा, स्की घाला, हेल्मेट आणि गॉगल चढवा. मग सुरक्षादोर (बार सुटला तरी पतंग धरून ठेवणारा), आणि सगळ्यांत शेवटी बारचा फास हार्नेसच्या हुकात. पतंगाची ओढ झटपट सोडणारी खटकी एकदा हातमोजा घालूनच दाबून बघा. रात्री तिच्यात बर्फ शिरून ती गोठलेली असते, आणि हे कळायची वेळ उडण्यापूर्वीचीच. आता पुढच्या दोऱ्या ओढा, पतंगाची पुढची कड उचलते, कप्पे भरतात आणि बर्फाचे ढीग आपोआप सांडतात. पतंग वाऱ्याच्या थेट पुढे न्यायचा नाही, कारण सगळी ओढ तिथेच असते. कडेने वर चढवून डोक्यावर आणा, थांबा, मग हळूच प्रवासाच्या बाजूला झुकवा.

स्लेजच्या वजनाची ओढ शरीरातून जाऊ नये. पतंगाचा हूक आणि स्लेजची कडी हार्नेसच्या एकाच मजबूत पट्ट्यावर हवीत, नाहीतर दोन दिवसांत कंबर धरते. स्लेजची दोरी पायी ओढताना असते त्यापेक्षा लांब ठेवा, पाच मीटर किंवा जास्त. आखूड दोरीची स्लेज उतारावर येऊन टाचांवर आदळते. वारा अगदी पाठीमागून असला तर सरळ जाऊ नका. पतंग ढिला पडतो आणि स्लेज पुढे निघते. थोडं आडवं जाऊन नागमोडी वाट घ्या.

उतरवताना पतंग कडेला न्या, मागच्या दोऱ्या ओढून पाडा, लगेच बर्फ टाका. पतंग पडला म्हणून हूक सोडून बाटली शोधायला वळू नका.

काय बिघडतं

सगळ्यांत घातक अपघात पडण्याचा नसतो, चुकामुकीचा असतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारे दोघे, एकाची दोरी गुंतली, दुसऱ्याने दहा मिनिटं मागे बघितलं नाही, की मध्ये पाच किलोमीटर पडतात. तेवढ्यात हवा भरून आली तर पुढचा मागे येऊ शकत नाही, कारण वारा एकाच दिशेचा आहे. म्हणून तंबू एकाच्या आणि स्टोव्ह दुसऱ्याच्या स्लेजवर ही वाटणी चालतच नाही. प्रत्येकाच्या स्लेजवर निवारा, झोपायची पिशवी, स्टोव्ह, इंधन, चार दिवसांचा शिधा आणि सॅटेलाइट उपकरण हवंच. कमी वेगाचा माणूस पुढे. एकाचा पतंग खाली आला की सगळ्यांचे खाली.

वाऱ्याने बर्फात कोरलेले कडक वरंबे, सास्त्रुगी, गुडघाभर उंचीचे असू शकतात. ढगाळ उजेडात सावली पडत नाही, ते दिसतच नाहीत. स्की अडकून गुडघा पिळवटतो, स्लेज उलटते आणि तिची दोरी पीळ खाते. गुडघ्याचं पॅड लावा, वेग अर्धा करा, आणि जमीन-आभाळ एक झालं की थांबा.

बार धरलेले हात सतत छातीच्या वर असतात, त्यामुळे बोटांत रक्त कमी जातं. दर वीस मिनिटांनी एक हात खाली सोडून झटका. उणे २० अंशात ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या कातडीला उणे ३३ जाणवतं. चेहऱ्यानंतर सगळ्यांत जास्त इजा मांड्यांच्या पुढच्या बाजूला होते. पॅन्टवरून घालायची उबदार अर्धी चड्डी पहिल्या दिवसापासून वापरा, खाज सुटल्यावर नाही.

दिवसभर उजेड असतोच, तर घड्याळातल्या रात्री चाला. पृष्ठभाग गार होऊन उतरणीचा वारा तेव्हा जोर धरतो आणि बर्फही टणक असतो. होकायंत्रावर डोळे मिटून विसंबू नका. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नसतो, तिथे तो कित्येक अंशांचा आहे. निघण्यापूर्वी चालू वर्षाचा आकडा लिहून घ्या.

शिधा

माणशी रोज एक किलो, सुमारे ५००० कॅलरी: सुकवलेली खिचडी १५० ग्रॅम, लोणी १००, शेंगदाणे-गूळ २००, शेव किंवा केळीचे वेफर्स १५०, दूध पावडर ८०, शिऱ्याचा भाजलेला रवा-साखर १५०, चॉकलेट १५०. लोणी आणि दूध पावडर डेन्मार्कला पोचल्यावर घ्या. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणू देत नाहीत, त्यामुळे घरचं तूप विमानतळावरच जातं.

खिचडी इथूनच करून न्यायची, कारण २५०० मीटरवर पाणी ९१-९२ अंशालाच उकळतं आणि कच्ची डाळ इंधन खात बसते. तेला-तुपाशिवाय, हळद-मीठ-जिरं घालून मऊ शिजवा. पातळ थर ताटात पसरा, वर सुती कापड, आणि जळगावच्या मेच्या उन्हात दोन दिवस ठेवा. दाणा दाताखाली टक्कन तुटला पाहिजे. ओलसर राहिली तर बुरशी येते, आणि तेल घातलं असेल तर प्रवासातच खवट वास सुटतो. तिथे दुप्पट उकळतं पाणी घालून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग लोण्याचा गोळा. चिक्की घरीच सुपारीएवढी फोडून न्या. थंडीत ती दगड होते, दात जातो.

इंधन माणशी रोज २५० मिली धरा, त्यातलं बहुतेक बर्फ वितळवण्यात जातं. विमानात नेता येत नाही, तिथेच विकत घ्या. तंबूत स्टोव्ह पेटला की वरची खिडकी उघडीच ठेवायची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटचे किलोमीटर

उत्तर टोकाला उतार सुरू झाला की पतंग जोरात पळतो आणि थांबवावंसं वाटत नाही. पण हिमभेगा तिथूनच सुरू होतात. घरी असतानाच उपग्रहाच्या छायाचित्रावर भेगांचा पट्टा बघून ठेवा, त्याच्या बऱ्याच आधी पतंग गुंडाळा आणि दोराने एकमेकांना बांधून, स्की न काढता चालत उतरा. स्कीमुळे वजन पसरतं, बूट मात्र भेगेवरच्या बर्फाच्या पापुद्र्यातून आत जातो.

परत याल तेव्हा खानदेशात पाऊस लागलेला असेल. पतंग पंख्याखाली पूर्ण वाळवा, मगच घडी घाला. पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नका, तिथल्या उष्णतेने कापडावरचा लेप जातो. दोऱ्या खुंटीला लावून शेजारी-शेजारी ताणा आणि लांबी मोजा. पुढच्या दोऱ्यांवर जास्त भार पडतो म्हणून त्या लांबतात, आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकानेही पुढच्या वर्षी पतंग नीट उडत नाही.